आराखड्यावर आलेली एकमेव हरकत

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पेपरच्या आतल्या पानावर, साड्यांच्या सेलच्या जाहिरातीखाली, एक चौकोनी सूचना आली. डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांसाठी पोलिसांनी वर्षभराचा ‘गुन्हे प्रतिबंध व बंदोबस्त आराखडा’ तयार केला आहे, तो ठाण्यात कार्यालयीन वेळेत पाहता येईल, नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना पंधरा दिवसांत लेखी द्याव्यात.

अशा सूचना मी स्वतः एकतीस वर्षं लिहिल्या. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होतो. कालव्याच्या आखणीबद्दल, पाणीपाळीच्या दिवसांबद्दल, कशाकशाबद्दल हरकती मागवल्या, पण एकतीस वर्षांत एकही नागरिक कधी फिरकला नाही. शेवटी शेवटी तर मी मुद्दाम एखादी शुद्धलेखनाची चूक ठेवून द्यायचो. निदान तेवढ्यासाठी तरी कुणी भांडायला येईल! कुणी आलं नाही. त्यामुळे ही सूचना वाचल्यावर ती लिहिणाऱ्या अनोळखी कारकुनाची मला कीव आली.

“मी जाणार,” मी बायकोला सांगितलं.

“येताना कोथिंबीर आणा,” निर्मला म्हणाली. सार्वजनिक जीवनाविषयी आमच्या घरात एवढीच आस्था आहे.

ठाण्याचं नाव मी सांगत नाही. आत शिरलो तर टेबलावर हवालदार नितीन बसले होते. माणूस सज्जन, पण सकाळपासून माणसं पाहून कंटाळलेला.

“काय हरवलं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही.”

“मारामारी?”

“छे!”

“मग कोणी फसवलं?”

“कोणीच काही केलं नाही. मी आराखडा बघायला आलोय.”

नितीनरावांनी पेन खाली ठेवलं. काहीच न झालेला माणूस ठाण्यात आल्यावर त्याचं काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. बऱ्याच शोधाशोधीनंतर आराखडा प्रिंटरच्या एका पायाखाली सापडला. तो काढल्यावर प्रिंटर डुगडुगू लागला, तेव्हा तिथे जुनी मतदारयादी सारण्यात आली, आणि बेचाळीस पानांचं ते बाड माझ्या हातात आलं. घरी नेता येणार नाही, झेरॉक्सला वरून परवानगी लागेल, इथेच बसून वाचा.

‘इथेच’ म्हणजे भिंतीलगतच्या बाकावर. ठाण्यात येणाऱ्यांसाठी निराळी सोय नसते. माझ्या शेजारी डोक्याला पट्टी बांधलेला एक गृहस्थ बसला होता. त्याने माझ्याकडे कणवेने पाहिलं आणि हळूच विचारलं, “पहिल्यांदाच?”

चार दिवस मी तिथे बसून वाचलं. दुसऱ्याच दिवशी आमच्या शेजारच्या दक्षाबेन पासपोर्टच्या कामाला तिथे आल्या. मला बाकावर पाहून त्यांनी तोंडावर पदर घेतला. “चुरीभाई! शू थयुं? काय झाला?” मग आवाज खाली आणून, “मी कोनाला सांगनार नाय हां.”

त्यांनी खरंच कोणाला सांगितलं नसणार. पण संध्याकाळपर्यंत गल्लीत माझ्याविषयी तीन वेगवेगळ्या हकिकती फिरत होत्या, आणि त्यातल्या एकीत एक बाई होती. समोरच्या बिल्डिंगमधले निवृत्त मास्तर घरी येऊन सांगून गेले की काहीही झालं तरी कबूल करू नका. मी खरं कारण सांगितलं, आराखडा वाचतोय म्हणून. मास्तर फार समजूतदारपणे हसले. “हेच सांगत राहा,” म्हणाले.

आराखड्याविषयी सांगायचं तर पान नऊवर ऊसतोडणीच्या हंगामातल्या बंदोबस्ताचा सविस्तर विचार केला होता. आमच्या दोन्ही तालुक्यांत ऊस दिसतो तो रसवंतीच्या गाड्यावर. पान चौदावर कर्नाटक सीमेवरच्या नाकाबंदीचं वेळापत्रक होतं. आमच्या टोकाच्या झाई गावातल्या माणसाने सकाळी चप्पल घातली तर सीमा ओलांडून गुजरातेत चहा पिऊन तो परत येतो. कर्नाटक सीमेला पोचायचं म्हणजे त्याला बिछाना घेऊन निघावं लागेल. समुद्र मात्र बेचाळीस पानांत कुठेही नव्हता. मी वाचत होतो त्या बाकावरून, पंख्याचा आवाज थांबला की, त्या समुद्राची गाज ऐकू येत होती.

ही दुसऱ्याच कुठल्यातरी जिल्ह्याच्या आराखड्याची नक्कल आहे हे माझ्या लगेच लक्षात आलं. राग नाही आला. उलट परक्या गावात शाळेतला जुना मित्र भेटावा तसं वाटलं. कालव्यांचे अहवाल आम्हीही असेच करायचो.

हरकती लिहायला बसलो, तर गल्लीचा सूर बदललेला. मी आरोपी नसून सरकारदरबारी लिहिणारा माणूस आहे, असं कळल्यावर जो तो येऊ लागला. दक्षाबेनना आराखड्यात कुत्री हवी होती. म्हणजे कुत्र्यांचा बंदोबस्त. मास्तरांना समुद्रावर बसणाऱ्या जोडप्यांचं काहीतरी करायला हवं होतं. एकाला दुसऱ्याच्या लग्नातला डीजे नको होता, दुसऱ्याला पहिल्याने रस्त्यात लावलेली गाडी नको होती. आठवडाभर माझ्या ओटीवर चहा चालला आणि माझ्या असं लक्षात आलं की प्रत्येकाला पोलीस हवे आहेत, पण शेजाऱ्याच्या घरी. मी ते सगळं सतरा मुद्द्यांत बसवलं. निर्मलाने कागद वाचला.

“यात तुमचा मुद्दा कोणता?”

“मी सर्वांच्या वतीने लिहिलंय.”

“तेच विचारतेय,” ती म्हणाली आणि आत गेली.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी आवक-शिक्का मारून घेतला. दोन दिवसांनी ठाण्यातून फोन आला. उपनिरीक्षक प्राजक्ता मॅडमनी भेटायला बोलावलं होतं. त्या तीनच महिन्यांपूर्वी बदलून आल्या होत्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांच्या टेबलावर माझा अर्ज होता, आणि पान नऊ व पान चौदा लाल शाईने रंगलेली.

“सर, हे मी केलंय,” त्या सरळ म्हणाल्या. “दोन दिवसांत द्या म्हणाले. आधीच्या जिल्ह्याचा माझ्याकडे होता, तोच घेतला. तुमच्याशिवाय कोणी वाचलाच नाही. दोन तालुक्यांतून एकच हरकत आलीय.”

मला काय वाटलं ते शब्दांत मांडता येत नाही. एकतीस वर्षं मी ज्या नागरिकाची वाट पाहिली, तो मीच निघालो होतो.

“पण एक हरकत आली तरी सुनावणी घ्यावी लागते,” मॅडम म्हणाल्या. “पुढच्या गुरुवारी तलासरीच्या सभागृहात ठेवलीय. त्याआधी तुम्ही हे परिशिष्ट बघाल का? हे मात्र नक्कल नाही. इथल्याच नोंदींवरून तयार केलंय. चोऱ्या कुठे होतात, कुठे लक्ष ठेवायचं, त्याची यादी.” आणि त्यांनी चक्क झेरॉक्स माझ्या हातात दिली.

घरी आलो, चष्मा पुसला, पेन्सिलीला टोक केलं. यादीत बारा ठिकाणं होती. सातवं होतं बोरीपाडा.

बोरीपाडा म्हणजे कोसबाडच्या बाजूला आमची छोटीशी चिकूची वाडी आहे, तिच्या पलीकडचा पाडा. पंचवीस-तीस घरं. त्याच्यापुढे लिहिलं होतं: ‘चोरीप्रवण. आधार: गतवर्षी एप्रिलमध्ये वाडीतून पाण्याची मोटर चोरीस, अर्जदार वि. ना. चुरी. उपाय: पाड्यावर आठवड्यातून दोनदा गस्त, संशयित इसम चिमण याची दर सोमवारी ठाण्यात सुरू असलेली हजेरी पुढे चालू.’

वि. ना. चुरी म्हणजे मी.

मी हाक मारली. निर्मला हात पुसत आली आणि माझ्या खांद्यावरून तिने वाचलं. ती म्हणाली, “मोटर तर रूपेशकडे आहे ना? वाणगावला?”

आता हे सांगितलंच पाहिजे. गेल्या एप्रिलमध्ये वाडीत गेलो तर मोटर जागेवर नव्हती. मी तडक ठाण्यात जाऊन अर्ज दिला. ‘कुणावर संशय?’ या रकान्यात, रिकामा रकाना मला बघवत नाही म्हणून, ‘लगतच्या पाड्यावरील इसम’ असं भरलं; त्या इसमाला चिमण हे नाव पुढे ठाण्यानेच दिलं. आठ दिवसांनी मेहुणा रूपेश याचा फोन आला. त्याच्या भाजीच्या मळ्यातली मोटर जळाली होती, म्हणून त्याने आमची नेली होती; बहिणीला विचारून. निर्मलाने ते मला सांगितलंही होतं म्हणे, मी शब्दकोडं सोडवत असताना.

आणि मी ठाण्यात कळवलं नाही. परत जायचं, मेहुण्याचं सांगायचं, सगळे हसणार. शिवाय एक अर्ज तो काय! खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाची कागदावर एक श्रद्धा असते: कागद पडून राहतो, पिवळा होतो, वाळवी खाते. माझ्या हातून गेलेल्या हजारो कागदांचं तेच झालं. अंमल झाला तो फक्त या एकाचा.

“उद्या जाऊन सांगून या,” निर्मला म्हणाली.

मी दुसऱ्या दिवशी स्कूटर काढली, पण ठाण्यात न जाता बोरीपाड्यावर गेलो. आधी त्या माणसाला भेटावं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ठाण्यापेक्षा पाडा सोपा वाटला होता.

चिमण घरी नव्हता. त्याची बायको लाडकी अंगणात नाचणी पाखडत होती. माझ्या हातातली फाइल बघून ती उठून उभी राहिली.

“सोमवार हाय ना आज,” ती म्हणाली. “तो ठाण्यात गेला. सकाळी जातो, सांजेला सोडतात.”

“मारतात का?”

“नाय. बसवतात. आधी तो एका शेठच्या वाडीत कामाला होता, चिकू काढायला. शेठ बोलला, सोमवारी येत नाय तो मना नको. आता जो बोलावंल त्याच्याकडं जातो.” तिने सूप खाली ठेवलं. “तुम्ही कोण?”

मी तिला माझं नाव सांगायला पाहिजे होतं. मी म्हणालो, “पोलिसांचा आराखडा झालाय, गुरुवारी तलासरीला सुनावणी आहे, त्यासाठी लोकांचं म्हणणं विचारतोय.”

लाडकीने आत जाऊन चहा टाकला. बिनदुधाचा, गवती चहा घातलेला. मी तो प्यायलो, आणि तो चांगला होता.

“आमच्याकडं पोलीस येतात,” ती म्हणाली. “विचारायला कोण नाय आला. तुम्हीच पयले. तथं तलासरीला आम्हांला बोलू देतील?”

“देतील की. सार्वजनिक सुनावणी आहे,” मी म्हणालो. सवयीने म्हणालो. अशी वाक्यं माझ्या तोंडून आपोआप निघतात.

आता सुनावणीच्या आत हे सगळं गुपचूप मिटवणं भाग होतं. बुधवारी नितीनरावांपुढे जाऊन बसलो आणि आवाज बारीक करून म्हणालो, “ती माझी मोटर... सापडली.”

“वा! अभिनंदन. कुठे?”

“मेहुण्याकडे.”

“म्हणजे मेहुण्याने चोरली.”

“चोरली नाही हो. विचारून नेली.”

“तुम्हाला?”

“बायकोला.”

नितीनरावांनी माझ्याकडे नवऱ्याने नवऱ्याकडे पाहावं तसं पाहिलं. मग त्यांनी रजिस्टर उघडलं. “म्हणजे चोरी झालीच नव्हती. म्हणजे तक्रार खोटी होती. म्हणजे तुमच्यावर...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. “जाऊ द्या. तुम्ही वयस्कर माणूस. वस्तू मिळाल्याची नोंद करून टाकू. फक्त हा एक रकाना आहे, ‘कोणाकडून हस्तगत’. तिथे चिमणचं नाव टाकतो. त्याने आणून दिली, तुमची तक्रार नाही, प्रकरण बंद. त्याचीही हजेरी सुटेल. सगळ्यांनाच बरं.”

हे ते अगदी भलेपणाने म्हणाले. आणि मी ‘हो’ म्हणण्यासाठी तोंड उघडलं होतं, हे इथे नमूद करून ठेवतो. त्या एका क्षणात मला ते फार सुबक वाटलं. एकही रकाना रिकामा राहत नव्हता.

“उद्या सांगतो,” एवढंच बोलून मी बाहेर पडलो.

उद्या गुरुवार होता. आमच्या गल्लीने सुनावणीसाठी टेम्पो केला होता. दक्षाबेननी थेपले आणले होते, मास्तरांनी भाषण. सभागृहात पुढे प्राजक्ता मॅडम आणि नितीनराव, आमची माणसं पहिल्या चार रांगांत. बोरीपाड्याची दहाबारा माणसं जीपने आली आणि मागे भिंतीला टेकून उभी राहिली. खुर्च्या मोकळ्या होत्या. त्यांना कोणी बसा म्हणालं नाही, माझ्यासकट.

मी पहिला बोललो. ऊस झाला, कर्नाटक झालं. सभागृह हसून लोळलं, मॅडमही हसल्या आणि “दुरुस्त करते” म्हणाल्या. टाळ्या पडल्या. मग कुत्री झाली, जोडपी झाली, डीजे आणि गाडी एकमेकांच्या अंगावर धावून गेले. सुनावणी इतकी रंगली की मला वाटू लागलं, वेळ संपेल आणि सुटेन.

“अजून कोणी?” मॅडमनी विचारलं.

लाडकी मागूनच बोलली. माइक तिच्यापर्यंत गेलाच नाही, पण तिचा आवाज पोचला.

“बोरीपाड्याची लाडकी मी. माझा घोव दर सोमवारी ठाण्यात बसतो. मोटर नेली बोलतात. मी एकच विचारते. आमच्या पाड्यात विहीर नाय. ओहोळ हाय तो होळीला सुकतो. लाइट येते न जाते. जथं पाणी नाय तथला माणूस पाण्याची मोटर नेऊन करील काय?”

बेचाळीस पानं मी पेन्सिलीने तपासली होती, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता.

प्राजक्ता मॅडमनी परिशिष्ट उघडलं. “मोटर कोणाची होती?” त्यांनी नितीनरावांना विचारलं. नितीनराव छताकडे बघू लागले. मॅडमचं बोट सातव्या ओळीवरून सरकत गेलं आणि थांबलं. त्यांनी मान वर केली ती सरळ माझ्याकडे.

मी उठलो. गुडघा खुर्चीला आपटला. “मोटर माझी होती,” मी म्हणालो, “आणि ती चोरीला गेली नव्हती. मेहुण्याने नेली होती.”

“हाय हाय,” दक्षाबेन म्हणाल्या.

“मी यांना सांगितलं होतं,” निर्मला तिसऱ्या रांगेतून म्हणाली. “यांनी ऐकलं नाही.”

यावर मात्र सगळं सभागृह हसलं. कर्नाटकावर हसले होते त्याहून मोठ्याने. मास्तर तर माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की, शेवटी कबूल केलंतच ना! ते हसू जरा लांबलं असतं तर बरं झालं असतं. कारण ते ओसरल्यावर लाडकीचा आवाज आला.

“तुमाला कवा कळलं?”

“आठ दिवसांत.”

“गेल्या सालच्या?”

“हो. एप्रिलमध्ये.”

तिने शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं. तोच चिमण, हे मला तेव्हा कळलं. चाळिशीतला, काटक, हातात टोपी. मी ज्याला नऊ महिने ठाण्यात बसवला, त्याचा चेहराही मी पाहिलेला नव्हता.

मॅडमनी पेन काढलं आणि सातवी ओळ आडवी खोडली.

“मॅडम, छापील आहे,” नितीनराव हळूच म्हणाले. “वरून मंजुरी...”

“मग वर मी उत्तर देईन,” त्या म्हणाल्या आणि खोडल्याजागी त्यांनी सही केली. “बाकीच्या अकरा ओळी कशावरून लिहिल्यात, तेही मला उद्या बघायचंय. आणि चुरीसाहेब, तुम्हाला लेखी जबाब द्यावा लागेल. खोट्या माहितीबद्दल काय करायचं ते नंतर ठरेल.”

“देतो,” मी म्हणालो. आमच्या रांगांमधून माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं. सगळ्यांना एकदम थेपले आठवले होते.

बाहेर पायऱ्यांवर मी चिमणला गाठलं. “माझं चुकलं,” म्हणालो. “आता ठाण्यात जायची गरज नाही. मॅडमनी खोडलंय.”

चिमणने थोडा विचार केला. “सोमवारी यायचं नाय, हे कागदावर द्या,” तो म्हणाला. “तोंडी बोललं तं तथं दुसरा हवालदार असतो.”

त्याचं बरोबर होतं. मी पायरीवरच बसलो, फाइल मांडीवर घेतली आणि लिहायला लागलो. हे काम मला येतं. ‘सदर मोटर चोरीस गेल्याबाबतचा अर्ज नजरचुकीने दिला गेला असून, वस्तुस्थिती निदर्शनास न आणली गेल्याने संबंधितास हजेरीस बोलावण्यात येत होते. तरी सदर हजेरी बंद करण्यात यावी.’ मॅडमनी वाचून खाली आदेश लिहिला, सही केली, नितीनरावांनी पिशवीतून शिक्का काढून उमटवला. मी कागद चिमणला दिला. चिमणने तो लाडकीला दिला.

लाडकी सातवीपर्यंत शिकलेली आहे. ती पायरीवर उभी राहून एकेका शब्दाखाली बोट ठेवत वाचू लागली. सगळे थांबलो. टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न दिला.

“नजरचुकी,” ती वाचता वाचता थांबली. “आठ दिसांत कळलं, मंग नजरचुकी कशी?”

तिचं बोट पुढच्या शब्दांवर सरकलं.

“आन हे... निदर्शनास न आणली गेली. म्हंजी कोणी नाय आणली?”

एकतीस वर्षांत माझ्या मसुद्याला आलेली ती पहिली हरकत. मी कागद परत घेतला, ‘नजरचुकीने’वर रेघ मारली, पुढचं अर्धं वाक्य खोडलं. वर जागा थोडी होती. तिथे बारीक अक्षरात लिहिलं: ‘मोटर सापडली हे मला आठ दिवसांत कळले होते. मी सांगितले नाही.’ खाली पूर्ण नाव घातलं, विद्याधर नारायण चुरी. मॅडमनी न बोलता बाजूला आद्याक्षरं केली.

लाडकीने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. या वेळी कुठे थांबली नाही. वाचून झाल्यावर तिने कागदाची चौघडी केली आणि चिमणच्या खिशात घालून वरून हाताने दाबली.

“चल,” ती त्याला म्हणाली. “जीप भरली का बघ.”